सीनिक हायवेची पाटी मिळते कशी आणि टिकते कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रोडट्रिपच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की आमच्या काउंटीतल्या एका रस्त्याला सीनिक हायवेचा, म्हणजे देखाव्यासाठी जपायच्या रस्त्याचा, सरकारी दर्जा मिळावा म्हणून आम्ही शेजारीपाजारी मिळून काही वर्षं खटपट केली होती. त्यावर इतक्या मेल आल्या की ह्या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेचसे प्रश्न कॅलिफोर्नियातले आहेत, एक व्हर्जिनियाचा. मी प्लॅनर नाही आणि वकीलही नाही, कमिटीत बसून नकाशे रंगवले, लोकांच्या दारात जाऊन बोलले, मीटिंगा अटेंड केल्या, त्यातून जे कळलं ते सांगतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सिएराच्या पायथ्याशी राहतो. आमच्या घरावरून जाणारा काउंटी रोड ओकच्या टेकड्या आणि जुन्या बागांमधून साताठ मैल जातो, वसंतात तर बघत राहावं असा असतो. पण दोन वर्षांपूर्वी वळणावरच एक पांढरंशुभ्र पत्र्याचं स्टोरेज उभं राहिलं आणि आता पुढच्या प्लॉटवरही काहीतरी येणार म्हणतात. आम्ही दहा-बारा घरं मिळून ह्या रस्त्याला सीनिक हायवे करून घ्यायचं म्हणतोय. अर्ज कुठे करायचा?

अर्ज तुमच्या नावाने जातच नाही, हे आधी लक्षात घ्या, आमचे पहिले तीन-चार महिने हे न कळल्यामुळे वाया गेले. कॅलिफोर्नियाचा हा प्रोग्रॅम १९६३ साली विधिमंडळाने सुरू केला, चालवतं कॅलट्रान्स म्हणजे राज्याचं वाहतूक खातं, पण कॅलट्रान्सकडे जायचं ते तुमच्या काउंटीने किंवा सिटीने. नागरिकांचं काम म्हणजे काउंटीला तयार करणं. त्यामुळे पहिली चक्कर प्लॅनिंग डिपार्टमेंटची आणि त्याच आठवड्यात तुमच्या भागाच्या सुपरवायझरच्या, म्हणजे काउंटी बोर्डावर निवडून आलेल्या सदस्याच्या, ऑफिसची. त्याच सुमाराला कॅलट्रान्सच्या तुमच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करून सीनिक हायवे कोऑर्डिनेटर कोण आहे ते विचारा, प्रत्येक डिस्ट्रिक्टला असा माणूस नेमलेला असतो आणि आमचा अनुभव सांगायचा तर तो माणूस खरंच मदत करतो.

तुमचा रस्ता काउंटीचा आहे ही एका परीने चांगली गोष्ट आहे. स्टेट हायवे असता तर तो आधी कायद्यातल्या 'एलिजिबल' यादीत असावा लागतो, आणि यादीत नसेल तर ती यादी बदलायला थेट सॅक्रामेंटोपर्यंत जावं लागतं, म्हणजे आमदाराला गाठून बिल आणायचं. काउंटी रोडसाठी अशी यादी नाही, पण बाकीची सगळी प्रोसेस तीच. आणि एलिजिबल आणि ऑफिशियल ह्यात लोक फार गोंधळ करतात. एलिजिबल म्हणजे नुसता पात्र, त्याने तुमच्या टेकडीचं काहीच वाचत नाही. दर्जा मिळाला असं कधी म्हणायचं, तर काउंटीने कॉरिडॉर, म्हणजे रस्त्यावरून दिसणारी आजूबाजूची जमीन, जपायचे नियम मंजूर केले, अर्ज केला, आणि कॅलट्रान्सचं पत्र आलं, तेव्हा. मग ती पॉपीच्या केशरी फुलाची पाटी लागते.

दोन टप्पे असतात. पहिल्यात रस्त्याचं दृश्य-मूल्यमापन, म्हणजे व्हिज्युअल असेसमेंट, सोबत नकाशे, झोनिंगचे म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं त्याचे नकाशे, रस्त्यावरून काय दिसतं त्याचं वर्णन, आणि आमची इच्छा आहे असं बोर्डाचं पत्र. रस्ता किमान एक मैल लांब आणि सलग हवा, म्हणजे इथला तुकडा सुंदर, मधला सोडून दिला, पुढे परत सुंदर, असं चालत नाही. आणि स्थानिकांचा जोरदार पाठिंबा आहे हे दाखवावं लागतं. दुसरा टप्पा म्हणजे कॉरिडॉर प्रोटेक्शन प्रोग्रॅम, आणि सगळ्यांचं घोडं अडतं ते तिथे. त्यात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत : जमीन कशासाठी वापरायची आणि किती दाट बांधायचं ह्यावर नियम, एकेका साइटचं तपशीलवार प्लॅनिंग, जाहिरातींवर नियंत्रण आणि त्यात बिलबोर्डला सरळ बंदी, माती खणणं-भरणं आणि झाडझाडोऱ्यावर लक्ष, आणि पाचवी म्हणजे इमारती आणि यंत्रसामग्री दिसायला कशी असेल ते.

हे वाचून दचकू नका. ह्यातलं बरंचसं तुमच्या काउंटीच्या जनरल प्लॅनमध्ये आणि झोनिंग ऑर्डिनन्समध्ये आधीच कुठे ना कुठे असतं, डोंगरउतारावरच्या बांधकामाचे नियम एका ठिकाणी, पाट्यांचे दुसऱ्या, ग्रेडिंगचे तिसऱ्या. आम्ही तीन जणींनी एका लांबलचक टेबलावर ते सगळे प्रिंटआउट पसरले आणि पाच रंगांच्या हायलायटरने खुणा करत गेलो, एकेका अटीला एकेक रंग. संध्याकाळपर्यंत चार रंग पानोपानी दिसत होते, पाचवा, म्हणजे इमारतींच्या दिसण्याचा, जवळजवळ कुठेच नव्हता. म्हणजे काउंटीला नवीन काय लिहायला सांगायचं ते आम्हाला त्या एका दिवसात कळलं. तुमच्या पांढऱ्या पत्र्याचं मूळही बहुतेक तिथेच सापडेल.

ते उभं राहिलेलं स्टोरेज मात्र ह्याने हलणार नाही. जे कायद्याने परवानगी घेऊन उभं आहे ते सहसा तसंच राहतं. मालकाशी गोड बोलून रंग बदलून घेता आला, समोर चार ओक लावता आले, तर बघा. तुमची धडपड आहे ती पुढच्या प्लॉटसाठी.

प्रश्न : कॉरिडॉर कॉरिडॉर म्हणतात तो नक्की किती रुंद? आमच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर फूट, कोणी म्हणालं दिसेल ती सगळी जमीन. समोर तर पार क्षितिजापर्यंत डोंगर दिसतात!

फुटात मोजून उत्तर नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, रस्त्याला लागून जी जमीन दिसते ती म्हणजे कॉरिडॉर, आणि जिथे नजर पार क्षितिजापर्यंत जाते तिथे तारतम्याने एक हद्द ठरवायची, साधारणपणे पहिली डोंगरधार किंवा असंच काहीतरी जे नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल. त्यामुळे एकाच रस्त्यावर कॉरिडॉर कुठे चिंचोळा तर कुठे मैलभर असतो. घळीतून जाताना दोन्ही बाजूंना कडेच असतात, तिथे तो हातभर. वर खिंडीत आलं की सगळी व्हॅली उघडते, तिथे तो पसरतो.

हे कागदावर ठरवू नका, गाडीत बसून ठरवा. आम्ही काय केलं ते सांगते. एक जण गाडी चालवणार, लिमिटच्या वेगाने, मुद्दाम हळू नाही. शेजारी बसलेल्याने नुसतं बोलायचं, डावीकडे काय दिसतंय, उजवीकडे काय, आणि मागे बसलेल्याने ओडोमीटरचा आकडा घालून लिहायचं. दर अर्ध्या मैलाला, जिथे सुरक्षित जागा असेल तिथे, थांबून फोटो, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून. मग उलट दिशेने परत तेच. उलट दिशेने रस्ता वेगळाच दिसतो हो! जाताना जी बाग आम्हाला सगळ्यात सुंदर वाटली होती तिच्याच मागे येताना भंगार गाड्यांचं यार्ड दिसलं, बाग जणू त्याच्यासाठी पडदा होती, आणि ती बाग उद्या तोडली तर काय दिसेल हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. पानझडीत एक फेरी आणि वसंतात एक फेरी करा. आम्ही पहिली फेरी एप्रिलमध्ये केली, सगळीकडे हिरवं आणि फुलं, सगळ्यांना सगळंच आवडलं, त्या नोंदींचा काही उपयोग झाला नाही.

मूल्यमापनात तीन शब्द येतात : व्हिव्हिडनेस, इंटॅक्टनेस, युनिटी. मी आमच्या लोकांना मराठीत असं समजावलं होतं की देखावा मनात राहतो का, तो धड आहे का म्हणजे मध्ये काही खुपतं का, आणि सगळं एकमेकांना धरून आहे का. मग जे खुपतं त्याची प्रतवारी करायची, किरकोळ, मध्यम, मोठं. लांब लांब विखुरलेली, मागे सरकून बांधलेली, आजूबाजूच्या रंगात मिसळून जाणारी घरं किरकोळात येतात. चकाकणारे पृष्ठभाग, सलग दाट बांधकाम, बिलबोर्ड हे मोठ्यात. खाण किंवा काँक्रीट प्लांट असेल आणि तो झाडांनी झाकलेला असेल तर तोही किरकोळात बसू शकतो, म्हणजे वस्तू काय आहे ह्यापेक्षा ती रस्त्यावरून कशी दिसते हे महत्त्वाचं. शेती असली म्हणून बिघडत नाही, उलट राज्याचं निसर्गसौंदर्य किंवा शेती दाखवणारा देखावा असंच निकषात म्हटलंय. आणि जे वाईट दिसतंय ते लपवू नका. आमच्यातल्या एकाने ते यार्ड नोंदीतून गाळू या म्हणून फार आग्रह धरला होता. कॅलट्रान्सचा माणूस त्याच रस्त्याने येणार आहे, त्याला काय दिसणार नाही का? आम्ही ते लिहिलं, फोटोसकट लिहिलं, आणि पुढे पडदा कसा राखणार तेही लिहिलं.

प्रश्न : माझी आणि मिस्टरांची रस्त्यालगत पाच एकर जमीन आहे, पुढेमागे मुलासाठी घर बांधायचा विचार आहे. शेजारचे लोक सीनिकचा फॉर्म घेऊन सह्या मागायला आले. मला निसर्ग आवडतो हो, पण उद्या सरकार मला घराला रंग कुठला द्यायचा ते सांगणार का? आणि वणव्याच्या भीतीने आम्ही झाडं छाटतो, त्यालाही मनाई होणार का? सही करू की नको?

तुमचा प्रश्न मी मुद्दाम घेतला, कारण कॉरिडॉर म्हणजे शेवटी तुमच्यासारख्यांची जमीन आहे. रस्ता सरकारचा, देखावा मात्र खाजगी मालकीचा, आणि ज्या लोकांना हे समजत नाही त्यांची चळवळ पहिल्याच पब्लिक हिअरिंगला, म्हणजे जाहीर सुनावणीला, कोलमडते.

एकेक सांगते. दर्जा मिळाला म्हणून कॅलट्रान्सला तुमच्या जमिनीवर कुठलाही हक्क मिळत नाही. नियम असतात ते काउंटीचे, काउंटीने स्वतः मंजूर केलेले. घर बांधता येतं. कॉरिडॉरमधल्या बांधकामाला काही ठिकाणी डिझाइन रिव्ह्यू लागतो, त्यात रंग, छपराची चकाकी, डोंगरधारेच्या वर घर डोकावतंय का, ड्राइव्हवे काढायला टेकडी किती कापली हे बघतात. म्हणजे रंगाबद्दल विचारलं जाऊ शकतं, नाही म्हणून तुमची खोटी समजूत मी घालणार नाही. पण मंजूर होण्याआधी तो मसुदा सगळ्यांसमोर येतो, त्यावर हिअरिंग होतं, तिथे जाऊन तुम्ही म्हणू शकता की रस्त्यावरून न दिसणाऱ्या बांधकामाला हा रिव्ह्यू नको. आमच्याकडे एका शेतकऱ्याने नेमकं हेच म्हटलं. आमच्या दोघी त्याच्या किचन टेबलवर नकाशा घेऊन बसल्या होत्या, त्याने पेन घेतलं आणि त्याच्या जमिनीतला जो सखल भाग रस्त्यावरून दिसतच नाही तो रेघ मारून दाखवला, म्हणाला इथे माझं नवं कोठार होणार आहे, हे तुमच्या रेषेच्या आत कशाला? बरोबरच होतं त्याचं. रेषा बदलली. नंतर हिअरिंगला आमच्या बाजूने पहिला तोच बोलायला उभा राहिला.

झाडांचं : कॅलिफोर्नियात वणव्याच्या धोक्याच्या भागात घराभोवती शंभर फूट डिफेन्सिबल स्पेस, म्हणजे झाडझाडोरा विरळ केलेली जागा, ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि सीनिकच्या नावाखाली ते कोणी थांबवू शकत नाही, थांबवूही नये. उलट कॉरिडॉरच्या कागदातच ते स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे पुढे पाच वर्षांनी नवीन आलेला शेजारी तक्रार करायला नको.

आणि एक वाट आहे जी लोकांना माहीत नसते, ती म्हणजे इझमेंट. जमीन तुमचीच राहते, शेती तुम्हीच करता, पण रस्त्यावरून दिसणाऱ्या भागात बांधकाम करायचा हक्क तुम्ही लँड ट्रस्टला, म्हणजे जमीन जपणाऱ्या संस्थेला, किंवा सरकारी संस्थेला विकता किंवा दान देता, आणि ते पुढच्या मालकालाही लागू राहतं. दान दिल्यास फेडरल टॅक्समध्ये सूट मिळू शकते, पण त्यासाठी तुमच्या सीपीएला विचारल्याशिवाय काही करू नका. मुलाच्या घराची जागा त्यातून आधीच वगळून ठेवता येते.

सही कराच असं मी म्हणणार नाही. मसुदा मागा. मसुदा नसेल तर शेजाऱ्यांना सांगा की आधी नकाशा घेऊन चहाला या, मग सहीचं बघू.

प्रश्न : दर्जा मिळून खरं काय पदरात पडतं? आमचा एक सुपरवायझर म्हणतो की ही नुसती शोभेची पाटी आहे, पैसे तर मिळत नाहीत.

राज्याचा दर्जा मिळाला म्हणून चेक येत नाही, ते खरं आहे. पण नुसती शोभेची पाटी म्हणणं चूक आहे. त्याला दोन गोष्टी दाखवा. एक म्हणजे १९७१ पासूनचा पब्लिक युटिलिटीज कोडमधला नियम, ऑफिशियल स्टेट सीनिक हायवेपासून १००० फुटांच्या आत नवीन विजेच्या किंवा टेलिफोनच्या डिस्ट्रिब्युशन लाइन टाकायच्या असतील तर शक्य असेल तिथे त्या जमिनीखालून न्यायच्या. ह्यात जुने खांब येत नाहीत आणि मोठे ट्रान्समिशन टॉवरही येत नाहीत, त्यामुळे लोकांना अवास्तव आश्वासनं देऊ नका. दुसरं म्हणजे सीक्वा, आपल्या राज्याचा पर्यावरण कायदा. त्यात प्रोजेक्टची तपासणी करताना वेगळा प्रश्नच आहे की स्टेट सीनिक हायवेवरच्या झाडांना, खडकांना, ऐतिहासिक इमारतींना नुकसान होतंय का, आणि तसं होण्यासारखं असेल तर एरवी छोट्या प्रोजेक्टना जी सरसकट सूट मिळते ती मिळत नाही. म्हणजे कोणीतरी थांबून बघतं, नोंद करतं, पर्याय विचारतं. आमच्यासारख्यांना एरवी हिअरिंगला तीन मिनिटं बोलायला मिळतात, त्या तीन मिनिटांत बोट ठेवायला कायद्यातली एक ओळ असणं फार मोठी गोष्ट आहे.

बे एरियात राहणाऱ्यांना सांगते, सॅन मॅटेओ काउंटीतला २८० आणि फ्रीमॉन्टजवळचा नाइल्स कॅन्यनचा ८४ हे दोन्ही ऑफिशियल आहेत. पुढच्या वेळी जाताना नीट बघा.

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात राहतो. आमच्या भागातला रस्ता राज्याचा बायवे, म्हणजे राज्याने सीनिक ठरवलेला रस्ता, आहेच, आता काही लोक नॅशनल सीनिक बायवे किंवा एकदम ऑल-अमेरिकन रोडसाठी प्रयत्न करायचा म्हणतायत. फरक काय? आणि कॉरिडॉर मॅनेजमेंट प्लॅन नावाचं प्रकरण कोण लिहितं?

हा फेडरल प्रोग्रॅम, १९९१च्या कायद्याने आलेला, फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बघतं. सहा गुण धरलेत : निसर्ग, देखावा, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व, आणि मैदानी मौजमजा म्हणजे रिक्रिएशन. नॅशनल सीनिक बायवेला ह्यातला निदान एक गुण प्रदेशाच्या पातळीवर उठून दिसला पाहिजे. ऑल-अमेरिकन रोडला निदान दोन, आणि देशाच्या पातळीवर, शिवाय लोक मुद्दाम तो रस्ता बघायलाच येतील असा तो असावा, फक्त कुठेतरी पोचायची वाट नाही. १९९६ मध्ये जे पहिले ऑल-अमेरिकन रोड झाले त्यात नॉर्थ कॅरोलायनातला ब्लू रिज पार्कवे होता, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सरचा रूट १ होता, आणि सेल्मा ते माँटगोमेरी हा अलाबामातला नागरी हक्कांच्या मोर्चाचा रस्ताही होता, म्हणजे बघा, देखाव्यापेक्षा इतिहासासाठीही रस्ता राष्ट्राचा ठरतो.

मध्ये बरीच वर्षं नवीन नावं घेणंच बंद होतं, २०१२ नंतर निधीही आटला. मग २०१९ मध्ये प्रोग्रॅम परत सुरू करायचा कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये एकदम ४९ रस्त्यांना दर्जा मिळाला. त्यामुळे नॉमिनेशनची खिडकी उघडेल तेव्हा तुमचा प्लॅन तयार हवा, खिडकी उघडल्यावर लिहायला बसलात तर गेलीच ती. राज्याच्या डीओटीमध्ये म्हणजे वाहतूक खात्यात बायवे कोऑर्डिनेटर असतो, त्याच्याशी आत्तापासून संपर्क ठेवा, नॉमिनेशन त्यांच्यामार्फतच जातं.

कॉरिडॉर मॅनेजमेंट प्लॅन तुम्हीच लिहायचा, म्हणजे रस्त्यावरच्या गावांनी, व्यावसायिकांनी, जमीनमालकांनी मिळून, सल्लागार नेमला तरी. त्यात चौदा मुद्दे लागतात, ऑल-अमेरिकनसाठी आणखी तीन, परदेशी पाहुणे, वाढती गर्दी आणि अनेक भाषांतली माहिती ह्याबद्दल. चौदाच्या चौदा इथे लिहीत नाही, पण तीन मुद्द्यांवर लोक एकेक परिच्छेद लिहून मोकळे होतात आणि तिथेच प्लॅन पोकळ पडतो. पहिला, कोण काय करणार आणि त्याचं वेळापत्रक. 'सर्व संबंधितांनी सहकार्य करावं' असं लिहिलं की कोणीच काही करत नाही, तिथे संस्थेचं नाव आणि वर्ष हवं. दुसरा, अपघातांचा इतिहास आणि सुरक्षितता. सुंदर वळणावर लोक ब्रेक मारतात, मागून लाकडाचा ट्रक येत असतो, त्याचं काय करणार ते लिहा. तिसरा, लोकांचा सततचा सहभाग, म्हणजे दर्जा मिळाल्यावरही वर्षातून किती वेळा भेटणार, कोण बोलावणार.

बिलबोर्डबद्दल : राज्याचा बायवे असलेल्या इंटरस्टेटवर किंवा फेडरल-एड प्रायमरी, म्हणजे फेडरल मदतीच्या मुख्य, रस्त्यावर नवीन बिलबोर्ड लावता येत नाहीत, ही फेडरल कायद्यातलीच अट आहे. काही राज्यं गावातला दुकानांचा भाग बायवेतून वगळतात. तुमच्याकडे असा तुकडा आधीच वगळलाय का ते नकाशावर तपासा, कारण बऱ्याचदा स्थानिकांना ते माहीतच नसतं.

आणि ब्लू रिज जवळ आहे तर एकदा नॉर्थ कॅरोलायनात ग्रँडफादर माउंटनला लिन कोव्ह व्हायाडक्ट बघून या. ४६९ मैलांच्या पार्कवेचं काम १९३५ला सुरू झालं आणि हा शेवटचा दुवा जोडून १९८७ला पूर्ण झालं. तिथे डोंगर कापायला विरोध झाला म्हणून त्यांनी १२४३ फूट लांब पूल डोंगराच्या अंगाखांद्यावरून नेला, १५३ काँक्रीटचे तुकडे वरच्या बाजूने एकापुढे एक बसवत गेले म्हणजे खालच्या खडकांना, झाडांना धक्का नको, आणि काँक्रीटला आयर्न ऑक्साइडची छटा दिली, आजूबाजूच्या खडकासारखी. पुलाखाली पायवाट आहे. तिथे उभं राहून हात खांबावर आणि मग शेजारच्या खडकावर ठेवून बघा, मला तर गहिवरून आलं होतं. रंगाला काय एवढं महत्त्व असं तुमच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं तर त्याला तिथे घेऊन जा.

प्रश्न : सगळे दर्जा मिळवायचं बोलतात, आम्ही भोगतोय. बिग सरच्या बाजूला राहतो, सुट्टीच्या दिवशी बिक्स्बी ब्रिजपाशी रस्त्याच्या मध्यापर्यंत गाड्या, लोक फोटोसाठी कड्यावर चढतात, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट नाही. सीनिक केलं हीच चूक झाली असं वाटतं.

तुमचा त्रास खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. बिक्स्बी ब्रिज १९३२चा, रस्ता १९३७ला खुला झाला, आणि १९६६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन ह्यांनी त्याच पुलापाशी येऊन ह्या रस्त्याचं राज्याचा पहिला सीनिक हायवे म्हणून लोकार्पण केलं. तेव्हा हातात कॅमेरा असलेली माणसं किती होती आणि आता किती आहेत! पण मला विचाराल तर चूक पाटीची नाही. पाटी नसती तर त्या कड्यांवर आज काय काय बांधलेलं असतं ह्याचा विचार करा. तुमच्याकडे मोठमोठे पट्टे बांधकामाविना राहिले ते लोकांनी कडक नियम स्वतःवर लादून घेतले म्हणून.

चूक कुठे होते, तर बहुतेक ठिकाणी कॉरिडॉरचा प्लॅन डोळ्याला काय दिसतं ह्याचा असतो, गाडी कुठे थांबेल ह्याचा नसतो. म्हणून नवीन अर्ज करणाऱ्या सगळ्यांना मी सांगते की थांबायच्या जागा आधी ठरवा. टर्नआउट किती, प्रत्येकात गाड्या किती, भरला तर पुढचा किती अंतरावर आहे हे आधीच्या टर्नआउटला कळतं का, टॉयलेट कुठे, कचरा कोण उचलणार. आमच्या रस्त्यावर जिथे लोक हमखास थांबतात ती जागा आंधळ्या वळणाला लागून होती. आम्ही तिथे लाकडी ठोकळे लावून थांबणं बंद करायला लावलं आणि पाव मैल पुढे, व्ह्यू थोडा कमी पण जागा ऐसपैस, तिथे टर्नआउट मागितला. काही लोक नाराज झाले, फोटो पूर्वीसारखा येत नाही म्हणाले. नाही आला तर नाही, त्या वळणावर पुन्हा कोणाला उभं राहावं लागत नाही.

आणि फोटोपॉइंटचा प्रचार स्वतःहून करू नका. पर्यटन विभाग ब्रोशरवर तोच एक पूल छापणार असेल तर जाऊन भांडा, दुसरी दहा ठिकाणं द्या. तुमच्या भागातल्या मीटिंगांना शटल, पार्किंग, दंड ह्यावर चर्चा होते तेव्हा तिथे राहणाऱ्यांनीच यायला हवं, बाहेरचे येतात आणि राहणारे घरी बसतात असं मी खूपदा पाहिलंय.

प्रश्न : एकदा दर्जा मिळाला की कायमचा ना?

नाही. कॅलिफोर्नियात दर पाच वर्षांनी काउंटीने स्वतःचेच नियम पाळले का ते कॅलट्रान्स तपासतं, आणि पाळले नसतील तर दर्जा काढून घेऊ शकतं. काउंटी स्वतःहूनही नको म्हणू शकते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा : कॉरिडॉरमध्ये कुठल्या परमिटचा अर्ज आला, काय अटी घातल्या, काम झाल्यावर कसं दिसतं, त्याच जागेवरून त्याच उंचीवरून काढलेले फोटो. आमच्याकडे हे काम एक रिटायर्ड शाळामास्तरीण करते. दर ऑक्टोबरात ती त्याच अर्ध्या-अर्ध्या मैलाच्या ठिकाणी थांबते, जुना फोटो हातात धरते आणि नवा काढते. मागच्या वर्षी तिने मला फोन केला, म्हणाली अगं साडेचार मैलाच्या फोटोत बागेच्या कडेची तीन झाडं वाळलेली दिसतायत, तीच बाग, जिच्या मागे यार्ड आहे. दुसऱ्याच दिवशी आम्ही मालकाकडे गेलो. त्याला पाण्याचा प्रॉब्लेम होता, ठिबकची लाइन फुटली होती. पावसाळा सुरू व्हायच्या आत नवीन रोपं लागली, त्यातली दोन मी लावलीत.